जुन्या पुलाचा फोटो

ताई कुणाचा हेवा करत नाही, असं गावात सगळे म्हणायचे आणि ताईलाही ते पटायचं. ती कॉलेजात इतिहास शिकवायची तेव्हा तिच्या मागून नोकरीला लागलेली माणसं पुढे निघून गेली, विभागप्रमुख झाली, परदेशी परिषदांना जाऊन आली. ताई म्हणायची, "ज्याचं त्याच्यापाशी." ते खोटंही नव्हतं, कारण तिच्यापाशी तिचं असं काहीतरी होतं. या गावाचा इतिहास तिचा होता.

तो तिनं एकटीनं गोळा केला होता. सुट्टी लागली की बरोबरीच्या बायका कुठेतरी हवापालटाला जायच्या आणि ताई बस पकडून जिल्ह्याच्या रेकॉर्ड ऑफिसात जायची. आत पेन नेऊ देत नसत, म्हणून पर्समध्ये शिसपेन्सिलींचा जुडगा. हव्या त्या कागदासाठी अर्ज द्यायचा, मग कुणीतरी आतून दोरीनं बांधलेला गठ्ठा आणून टेबलावर आदळायचं, आणि धूळ बसेपर्यंत शिंकायचं. निम्म्या वेळा गठ्ठा भलताच निघायचा. जुन्या कारकुनांची अक्षरं म्हणजे मुंग्यांनी शाईत पाय बुडवून काढलेली. ती वाचता वाचता तिच्या चष्म्याचा नंबर वाढत गेला. पण पुस्तक झालं. चांगलं जाडजूड. गावात कुणाला काही माहिती हवी असली, की बाजार कधी भरायला लागला, गिरणी कुणी काढली, पूर कुठपर्यंत चढला होता, तर लोक म्हणायचे, "ताईंना विचारा." हे दोन शब्द ऐकले की ताईचा दिवस चांगला जायचा.

बारकी ही तिची पाठची बहीण. तिचं खरं नाव आईनंही कधी घेतलं नाही. म्हातारी व्हायला आली तरी ती बारकीच. तिला सगळं न मागता मिळत गेलं असं ताईला वाटायचं. गळा गोड, केस दाट, चार माणसांत गेली की पाचव्या मिनिटाला सगळे तिच्याभोवती. लग्नही तिनंच ठरवलं आणि चांगलं निघालं. ताईचं जमलं नाही ते नाहीच. पण याबद्दल ताईच्या मनात खरंच काही नव्हतं. बारकी दूरच्या शहरात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायची आणि वर्षाकाठी एकदा यायची. लांबून सगळंच गोड लागतं.

मग बारकीचा नवरा गेला. तिनं काम सोडलं आणि ती ताईच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहायला आली. पहिले काही महिने तिला खायचं-प्यायचं भान नव्हतं. दिवसभर खिडकीशी बसून असायची. ताईनंच तिला खाली बोलवायला सुरुवात केली, चहा पाजला, आणि एके दिवशी तिच्यापुढे आपल्या पुस्तकाची छापील प्रत टाकली.

"नवी आवृत्ती काढायची म्हणतात. शुद्धलेखन तपास. डोक्याला जरा चाळा होईल."

नंतर ताईला कितीदा तरी वाटलं, ही आपणच खाजवून खरूज काढली.

बारकीनं शुद्धलेखन तपासलं, पण ती तिथे थांबली नाही. एका सकाळी पुस्तकात बोट घालून ती खाली आली. "ताई, हे वाक्य बघ. 'जुन्या दगडी पुलाचे एकही चित्र अथवा छायाचित्र आज उपलब्ध नाही.' खरं आहे हे?"

"म्हणजे काय? छापलंय ना मी."

"छापलंयस गं. पण तू कुठे कुठे बघितलंस?"

"सगळीकडे."

"सगळीकडे म्हणजे कुठे?"

ताईनं कप खाली ठेवला. जुना पूल हा तिच्या पुस्तकातला सर्वांत गाजलेला भाग होता. पूल शंभरेक वर्षांपूर्वी महापुरात वाहून गेला. आता त्या जागी लोखंडी पूल आहे. पण जुन्याबद्दल गावात अजून वाद घालतात. त्याला किती कमानी होत्या, यावरून म्हाताऱ्यांची भांडणं झालेली तिनं पाहिली होती. तिनं ठेकेदाराच्या करारावरून पाच असं लिहिलं, तेव्हा वाद मिटला. आणि चित्र नाही हे वाक्य तर लोकांना पाठ होतं, भाषणात म्हणायचे.

"रेकॉर्ड ऑफिस, विद्यापीठ, बांधकाम खात्याचं दफ्तर, वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली," ती म्हणाली. "पायांचे तुकडे पडेपर्यंत हिंडलेय मी."

"ते झालं इथलं. पण पूल बांधणारा इंजिनिअर तर बाहेरून आला होता. तो परत गेला असेल तर त्याचे कागद त्याच्याकडेच गेले असतील की. आता लोक असले संग्रह स्कॅन करून टाकतात. मी बघू?"

"बघ," ताई म्हणाली. मनात म्हणाली, उंटावरून शेळ्या हाकतेय.

बारकी वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरशी बसायला लागली. खिडकी सुटली, जेवण सुरळीत झालं, आणि ताईला त्याचं बरंच वाटलं. संध्याकाळी ती खाली येऊन सांगायची, आज काय काय सापडलं. सुरुवातीला नुसत्या चुकाच असायच्या. गावाचं नाव टाकलं की हॉटेलांच्या जाहिराती यायच्या. मग तिच्या लक्षात आलं, की जुन्या कागदांत आपल्या गावाचं नाव कुणी धड लिहिलेलंच नाही. ज्याला जसं ऐकू आलं तसं त्यानं लिहिलं. ती एकेक चुकीचं रूप टाकून बघायला लागली. नदीचं नाव चार तऱ्हांनी. इंजिनिअरचं आडनाव आद्याक्षरांसकट, आद्याक्षरांशिवाय. राष्ट्रीय ग्रंथालयाचा संग्रह, नकाशांचा वेगळा, एका संग्रहालयाचा, मग कुठल्याशा परदेशी इंजिनिअरिंग कॉलेजाचा, ज्यात हजारो फोटोंखाली नुसतंच 'दगडी बांधकाम, स्थळ अज्ञात' असं लिहिलेलं.

"असले कसले गं हे कॅटलॉगवाले?" बारकी हसून म्हणायची. "मी एकेक फोटो उघडून बघतेय."

"बघ, बघ," ताई म्हणायची.

आणि एका दुपारी वरून जिना दणदणत उतरल्याचा आवाज आला. बारकीनं लॅपटॉप तसाच उघडा हातात धरला होता. "ताई! सापडला!"

पडद्यावर एक पिवळट फोटो होता. नदी, दगडी पूल, एका टोकाला जकातनाक्याचं छोटं घर, पुलावर उभी राहिलेली दोन-चार माणसं, चेहरे धुरकट. खाली तिरप्या अक्षरांत नदीचं नाव, 'दगडी पूल, काम पूर्ण झाल्यावर', आणि इंजिनिअरची सही. तोच इंजिनिअर, तीच नदी. ताईनं कमानी मोजल्या. सहा.

"पाच हव्यात," ती म्हणाली.

"सहा आहेत. मीही मोजल्या." बारकीचा चेहरा लहानपणी पतंग कापल्यावर व्हायचा तसा झाला होता. "करारात पाच असतील, बांधताना एक वाढवली असेल. असं होतं गं, आमच्याकडे नेहमी व्हायचं. ताई, तुला आनंद नाही झाला?"

"झाला की," ताई म्हणाली. तिच्या छातीत मात्र कुणीतरी मूठ आवळल्यासारखं झालं होतं.

पुढचे दिवस ताईला सोपे गेले नाहीत. फोटो वर्तमानपत्रात आला, बारकीच्या फोटोसकट, आणि बातमीत 'आजवर इतिहासकारांना जे जमलं नाही' असं एक वाक्य होतं. ताई ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचायची, दुखऱ्या दाताला जीभ लावावी तसं. खालचा फोन वाजायचा, ताई उचलायची आणि तिकडून कुणीतरी म्हणायचं, "ताई, बहिणीला द्या ना जरा." शाळेत व्याख्यानाला बारकीला बोलावलं. बाजारात भाजीवाल्यानं विचारलं, "सहा कमानी निघाल्या म्हणे?" ताई म्हणाली, "निघाल्या," आणि कोथिंबीर न घेताच निघाली.

कानामागून आली आणि तिखट झाली, असं तिच्या मनात यायचं, आणि आलं की तिची तिलाच लाज वाटायची. बहीण दुःखातून वर आली हे तिला दिसत होतं. वरच्या मजल्यावरून तिचं हसू ऐकू आलं की अर्धं मन निवायचं. उरलेलं अर्धं म्हणायचं, हिला गळा मिळाला, रूप मिळालं, संसार मिळाला. माझ्याकडे एक इतिहास होता, तोही हिला बसल्या जागी हवा होता? मी त्या धुळीत डोळे घालवले आणि हिनं गादीवर पाय पसरून बटणं दाबली.

तिनं फोटोची मोठी प्रत मागून घेतली. "कौतुकानं बघते," म्हणाली. खरं तर ती त्यात खोट शोधत होती. भिंग घेऊन खिडकीशी बसायची, आधी बारकी वर बसायची तशीच, तासन्‌तास. आणि एके दिवशी तिला खोट दिसली. पुलाच्या पलीकडच्या काठावर, नाक्याच्या घरामागे, एक उंच खडक होता. काळा, सरळसोट. आपल्या गावाचा पलीकडचा काठ सपाट आहे. पहिल्यापासून सपाट, पुराचं पाणी शेतांत पसरायचं ते म्हणूनच, हे तिनंच पुस्तकात लिहिलं होतं.

ताई उठून उभी राहिली. तिला वाटलं, वर जाऊन सांगावं. दोन पायऱ्या चढलीही. वर बारकी फोनवर कुणाला तरी सांगत होती, "नाही हो, मी कसली इतिहासकार! ताई खरी इतिहासकार. माझं आपलं नशीब." आणि हसली. ताई परत खाली आली. आधी खात्री करू, तिनं स्वतःला सांगितलं.

त्यानंतर तिनं जे केलं ते कुणाला सांगितलं नाही. सार्वजनिक वाचनालयात जाऊन ती कॉम्प्युटरवर बसली. घरी बसली असती तर बारकीला विचारावं लागलं असतं. तो परदेशी कॉलेजाचा संग्रह तिनं स्वतः उघडला. माऊस तिच्या हातून उंदरासारखाच पळायचा. चुकून एकदा तिनं सगळं बंद केलं, एकदा छापायला दिलं आणि कोपऱ्यातलं मशीन घरघरत सुटलं. पण ती वाचायला बसली की वाचायची. इंजिनिअरच्या संग्रहाबरोबर त्याच्या नोकरीची थोडक्यात माहिती होती. आपल्या गावचा पूल झाल्यावर तो घरी गेलाच नव्हता. त्याच नदीवर, वरच्या अंगाला, घाटाजवळच्या गावी त्याची बदली झाली होती.

तिथून पुढचा रस्ता ताईला डोळे मिटून सापडला असता. ती रेकॉर्ड ऑफिसात गेली. रेकॉर्डकीपर तिला बघून म्हणाला, "मॅडम, किती दिवसांनी! अहो, पेन चालतं आता. कॅमेरासुद्धा चालतो."

"मला पेन्सिलच बरी," ताई म्हणाली. "वरच्या गावाकडची पुलांची आरेखनं काढा. इंजिनिअरचं नाव लिहून दिलंय."

गठ्ठा आला. तिसऱ्या का चौथ्या घडीच्या कागदावर तो पूल होता. सहा कमानी, टोकाला नाक्याचं घर, आणि घरामागे बारीक रेघांनी दाखवलेला खडक. फोटो आणि आरेखन शेजारी ठेवले तर लहान मुलानंही सांगितलं असतं. बारकीचा फोटो आपल्या पुलाचा नव्हताच. आपला पूल पाचच कमानींचा, आणि त्याचं चित्र आजही कुठे उपलब्ध नाही.

ताईच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तिनं रेकॉर्डकीपरला आरेखनाची प्रत करून द्यायला सांगितली, त्याच्याबरोबर चहा घेतला, आणि परतीच्या बसमध्ये ती खिडकीबाहेर बघून चक्क गुणगुणली.

सांगायचं तिनं ठरवलं होतंच. आज सांगू, उद्या सांगू. पण बारकी सकाळी चहाला यायची आणि काहीतरी आनंदाचं सांगत यायची, आणि ताईला वाटायचं, अजून नको. मग नगरपालिकेचं बोलावणं आलं. नदीकाठच्या नव्या सभागृहात त्या फोटोची भिंतभर प्रत लावणार होते. बारकीच्या हस्ते अनावरण, आणि ज्येष्ठ इतिहासकार म्हणून ताईंनी दोन शब्द बोलावेत. आमंत्रण हातात आलं तेव्हा ताईला कळलं, की आपण कशाची वाट बघत होतो. तिथे. सगळ्यांसमोर. ती अगदी सभ्यपणे बोलणार होती. 'माझ्या बहिणीच्या कष्टांचं मला कौतुक आहे, परंतु.' त्या 'परंतु'चा तिनं आरशासमोर सराव केला.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. भिंतीवर निळं कापड टाकलेलं. ताई पहिल्या रांगेत, पर्स मांडीवर, पर्समध्ये आरेखनाची प्रत. नगराध्यक्ष बोलले, गावाच्या अस्मितेबद्दल बोलले, बरंच बोलले. मग बारकीला बोलावलं. ती उठली, कापडाच्या दोरीपाशी गेली आणि दोरी न ओढताच माइककडे आली.

"हे कापड मी बाजूला करणार आहे," ती म्हणाली, "पण आधी एक सांगते. याच्याखाली जो फोटो आहे तो आपल्या पुलाचा नाही."

नगराध्यक्षांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"माझी चूक झाली. मी नदीचं नाव बघितलं, इंजिनिअरचं नाव बघितलं आणि हुरळून गेले. शाळेतल्या एका मुलीनं व्याख्यानानंतर विचारलं, 'मावशी, फोटोतला पलीकडचा डोंगर कुठे आहे?' मला उत्तर देता येईना. मग मी रेकॉर्ड ऑफिसात गेले. हा वरच्या गावचा पूल आहे. त्याचं आरेखन तिथे आहे, मी पाहून आले. अध्यक्षांना मी परवा फोन केला होता, ते म्हणाले सगळी तयारी झालीय, आता काय करायचं. म्हटलं, निदान सांगते तरी. तुम्हा सगळ्यांची माफी मागते. आणि ताईची. तिच्या पुस्तकात लिहिलंय की पुलाला पाच कमानी होत्या आणि त्याचं चित्र उपलब्ध नाही. दोन्ही खरं आहे. ती चुकली असं मी गावभर सांगत फिरले, पण ती चुकली नव्हती."

मग मागून एका म्हाताऱ्यानं मोठ्यानं म्हटलं, "शाबास!" आणि टाळ्या सुरू झाल्या. अशा टाळ्या फोटो सापडला तेव्हाही पडल्या नव्हत्या. लोक उठून उभे राहिले. नगराध्यक्षही उभे राहिले, कारण आता बसून राहणं बरं दिसलं नसतं.

ताई टाळ्या वाजवत होती. तिनं इतके दिवस जपून ठेवलेली गोष्ट बारकीनं सहज उचलून नेली होती, आणि वर तिचं स्वतःचं वाक्य तिला दान केल्यासारखं परत दिलं होतं. आता चूक कबूल करण्यातही हीच पहिली!

"ताईंनी दोन शब्द बोलावेत," माइकवरून आलं.

ती उठली. 'परंतु'चं भाषण गेलं होतं. पर्सचा बंद दोन्ही हातांनी धरून ती म्हणाली, "माझी बहीण म्हणते ते खरं आहे," आणि खाली बसली. शेजारची बाई तिच्या कानात म्हणाली, "किती मोठं मन हो तुम्हा दोघींचं!"

घरी आल्यावर ताईनं चहाचं आधण ठेवलं. बारकी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, चपला न काढता.

"रेकॉर्डकीपर मला म्हणाला, 'हाच कागद तुमच्या गावच्या मॅडम पण बघून गेल्या. प्रतही नेली.'"

ताईची पाठ तिच्याकडे होती. पाणी उकळायला लागलं तरी तिनं पत्ती टाकली नाही.

"मला वाटलं तू सांगशील," बारकी म्हणाली. "रोज चहाला येत होते मी. म्हटलं, आज सांगेल. आज सकाळीसुद्धा वाट बघितली. तू मला विचारलंस, कुठली साडी नेसणार."

"सांगणार होते."

"कधी? तिथे? स्टेजवर?"

ताईनं गॅस बंद केला. खोटं बोलायला तिला आता बळ नव्हतं. "हो," ती म्हणाली. "स्टेजवर."

बारकी खुर्चीत बसली. तिचं तोंड एवढंसं झालं होतं. "का गं? मी काय केलं तुझं?"

"तू काही केलं नाहीस. तुला सगळं मिळतं. मला एवढंच होतं." ताईचा आवाज चिरकला आणि तिला त्याचाही राग आला. "तुला कधी कळणार नाही ते. तू सगळ्यांची लाडकी. तू नुसती आलीस तरी लोक खुर्ची देतात. मी पुस्तक लिहिलं तेव्हा मला खुर्ची मिळाली."

बारकीनं टेबलाच्या मेणकापडाची सुटलेली कड खाली मुडपली.

"मला कळणार नाही?" ती म्हणाली. "ताई, प्रगतिपुस्तक घेऊन मी घरी यायचे तेव्हा बाबा काय म्हणायचे आठवतंय? 'ताईचं बघ.' गाणं म्हटलं तर, 'गळा बरा आहे, पण ताईसारखं डोकं हवं होतं.' लग्न झालं तेव्हा सासऱ्यांना काय सांगितलं? 'मोठी हुशार आहे, ही आपली अशीच.' 'ही अशीच' म्हणून गेले मी त्या घरात. तुझं पुस्तक आलं तेव्हा ह्यांनी दहा प्रती विकत घेतल्या, ओळखीच्यांना वाटल्या, आणि मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. मला वाटलं, आयुष्यात एकदा, एकदाच, तुझ्या विषयात तुझ्या पुढे जावं."

ताईनं वळून तिच्याकडे पाहिलं. हे तिला खरोखर नवं होतं.

"मग तिथे सांगितलं का नाहीस?" तिनं विचारलं. "सगळ्यांसमोर. की ताईला माहीत होतं आणि ती गप्प बसली. मला कुठे तोंड दाखवायला जागा उरली नसती."

"आलं होतं ओठांवर." बारकीनं चपला पायांनीच ढकलून काढल्या. "पण तुझं नाव घेतलं असतं तर सगळे म्हणाले असते, बघा, आधी ताईनंच शोधलं. गप्प का बसली हे कुणी विचारलंच नसतं. शाबासकी तुलाच मिळाली असती. तेवढं मोठं मन माझं नाही."

आधी ताईला राग आला, आणि मग हसू यायला लागलं. तिनं पदर तोंडाला लावला. बारकीनं आधी संशयानं पाहिलं, मग तिलाही हसू फुटलं. दोघी हसल्या, पण ते हसणं फार टिकलं नाही. बारकी हसता हसता रडायला लागली आणि तशीच उठून वर निघून गेली. चहा झालाच नाही.

त्यानंतर काही आठवडे दोघींमध्ये कामापुरतंच बोलणं होतं. दूध घेतलं का, दार लावलं का. ताईला वरच्या मजल्यावरच्या शांततेची सवय होईना. एकदा तिनं काहीतरी निमित्त काढून हाक मारली, "बारके, ते स्कॅनिंग कसं करतात गं?" आणि उत्तर आलं, "पुस्तिका आहे मशीनबरोबर, वाच." ताईनं पुस्तिका वाचली. तिला काही कळलं नाही.

दोघींना पुन्हा एकत्र आणलं ते वरच्या गावानं. बातमी तिकडे पोहोचली होती. त्यांचा पूल रस्ता वळवला तेव्हा पाडून टाकलेला, आणि आपल्या गावात एके काळी असा पूल होता हे तिथल्या नव्या पिढीला माहीतही नव्हतं. तिथल्या शाळेच्या मुख्याध्यापिकेचा फोन आला. ताईनं उचलला. बाई इतक्या आनंदात होत्या की त्यांना धड बोलता येत नव्हतं. भिंतभर प्रत तुम्हाला नको असेल तर आम्हाला द्या, आणि दोघी बहिणी या.

"दोघी?" ताईनं विचारलं.

"म्हणजे काय! एकीनं शोधला, एकीनं ओळखला. दोघींशिवाय कसं होईल?"

ताईनं वर जाऊन निरोप सांगितला. बारकीनं विचारलं, "पाटीवर कुणाचं नाव आधी?"

"वयानं मोठी मी आहे."

"फोटो मी शोधलाय."

"पण चुकीच्या गावाचा!"

"बरोबर गावाचाच निघाला ना शेवटी?"

ताई म्हणाली, "सकाळची बस आहे. उशीर करू नकोस, तुझी नेहमीची तऱ्हा."

वरच्या गावच्या शाळेच्या दालनात फोटो लागला होता. खिडकीतून तो काळा खडक तसाच्या तसा दिसत होता, पायथ्याशी आता घरं झालेली. पाटीवर दोन्ही नावं एकाच ओळीत होती, बारकीचं आधी, अक्षरं सारख्याच उंचीची. ताईनं नीट बघून घेतलं. मग मुलींचा घोळका बारकीभोवती जमला. जुने फोटो कसे शोधायचे, नाव चुकीचं असेल तर काय टाकायचं, हे ती हातवारे करून सांगत होती आणि मुली तोंडात बोट घालून ऐकत होत्या. ताई भिंतीशी एकटी उभी होती. तिच्या छातीत पुन्हा ती मूठ आवळली गेली, ओळखीची.

मुली पांगल्यावर बारकी तिच्याजवळ आली. "काय गं? दमलीस?"

"नाही," ताई म्हणाली. "जळफळाट होतोय."

बारकीनं तिच्याकडे पाहिलं आणि तिचा हात धरला. "मला मघाशी झाला. ती मुख्याध्यापिका तुझ्या पुस्तकावर सही घेत होती तेव्हा. चल, चहा मिळतो का बघू."

व्हरांड्यातल्या लाकडी बाकावर त्यांनी चहा घेतला. ताईनं तिला सांगितलं की रेकॉर्ड ऑफिसात पेन्सिलीनं उतरवलेल्या नकला ट्रंकभर आहेत, त्या स्कॅन करून कुठेतरी टाकाव्यात असं तिच्या मनात आहे, म्हणजे कुणालाही घरबसल्या बघता येतील. फक्त प्रत्येक पानावर तिचं नाव हवं.

"आणि खाली 'स्कॅन' म्हणून माझं," बारकी म्हणाली.

"बारीक अक्षरात."

"मध्यम," बारकी म्हणाली.